चावीवाल्याची रजा

भांडुपच्या टेकडीवरच्या अकरा गल्ल्यांचं पाणी
माझ्या हातातल्या लोखंडी चावीवर चालतं.
साडेतीन वेढे डावीकडे दिले
की पार टेंभीपाड्याच्या टोकापर्यंत हंडे वाजतात.
हे मी वृषालीला पुन्हा एकदा ऐकवलं.
"छान," ती म्हणाली, "मग दोन पोरं तीन दिवस सांभाळशीलच,"
आणि बहिणीच्या बाळंतपणाला चिपळूणला गेली.
मी पेडणेकरकडे चावी दिली, रजा टाकली.

फ्रिजवर ती सूचनांचा कागद चिकटवून गेली होती.
निषादने तो पहिल्या तासातच खाल्ला.
सगळा नाही. पाचव्या ओळीपासून खालचा.
म्हणजे औषध कधी द्यायचं
ते आता फक्त त्याच्या पोटाला माहीत.

मग ओवीच्या वेण्या.
दोन इंची पाइपाला सुतळी गुंडाळून
भर रस्त्यात गळती थांबवलेला माणूस मी,
म्हटलं, केसांचं काय एवढं!
एक शेंडी ठाण्याकडे बघायला लागली, एक कुर्ल्याकडे.
ओवीने आरशात पाहिलं, बराच वेळ.
"बाबा," ती समजुतीने म्हणाली,
"मी टोपी घालून जाते."

कुकरच्या चार शिट्ट्या, हे कागदावर उरलं होतं.
पहिल्या दोन कुकरच्या होत्या.
तिसरी आणि चौथी
जत्रेतल्या हिरव्या प्लॅस्टिकच्या शिट्टीची होती,
आणि ती वाजवणारा ओट्याखाली बसला होता.
मी निर्धास्तपणे गॅस बंद केला.
त्या दिवशी वरण आम्ही चावून खाल्लं.

निषाद शीला बसला
की समोर कुणीतरी बसलेलं लागतं.
मी उकिडवा बसलो. वीस मिनिटं
संपकरी आणि साहेब बघतात तसे
आम्ही एकमेकांकडे बघत होतो.
मांडीला मुंग्या आल्या, वाटाघाटी फिसकटल्या,
मी उठलो,
आणि लगेच तोडगा निघाला.
फरशीवर.

ते पुसत होतो तेवढ्यात
त्याने पिंपाची तोटी सोडली
आणि मोरीच्या जाळीत माझाच मोजा कोंबला.
पाणी उंबरा ओलांडून जिन्याने उतरलं,
खालून लोबोबाईंचा आवाज चढला:
"अहो चावीवाले! तुम्हीच घरात आणि पाणी वाया?"
बारा वर्षं मी लोकांना पाणी जपून वापरा म्हणत आलोय.
वरून नुसताच खोकलो.

रात्री वृषालीचा व्हिडिओ कॉल.
घरातली एकच भिंत दाखवण्यालायक राहिली होती.
तिला पाठ लावून मी हसत उभा.
"सगळं ठीक?"
"एकदम."
"आई," मागून ओवी, "बाबा कुकरला शिवी देऊन
मग त्याला सॉरी म्हणाला."

पहाटे चारला जाग आली. सवय.
भिंतीतल्या पाइपात आधी हवा खोकली,
मागोमाग पाणी.
पेडणेकरने अर्धा वेढा कमी दिलाय, कानाला कळतं.
उठायला हवं. बादल्या रिकाम्या, पिंप रिकामं.
पण निषादचा पाय माझ्या गळ्यावर,
ओवीची मूठ माझ्या बनियनच्या भोकात,
आणि एक जरी हलला
तरी दोघांच्याही शिट्ट्या सुरू होणार.

अकरा गल्ल्यांत हंडे वाजायला लागले.
मी छताकडे बघत पडून राहिलो.
पाणी माझ्या उशाजवळून वर गेलं,
वरच्या खांडेकरांच्या टाकीत पडत राहिलं,
पाच पंचविसाला थांबलं.

चावीवाल्याच्या घरात थेंब नाही.
उजाडलं की लोबोबाईंकडे
एक बादली मागायला ओवीला पाठवीन.
तसं पाहिलं तर आमचंच पाणी आहे त्यांच्याकडे.
पण टोपी घालून जा म्हणावं.