धुरा

जिंतूरच्या पुढं, माळाच्या पोटाशी, गट नंबर एकशे बारा.
हरभरा काढलेला. पायाखाली ढेकळं.
रोव्हरची काठी उभी करून मी थांबले,
वरचे उपग्रह एकेक करून सापडेपर्यंत.

धुरपतबाई घनसावंत म्हणाली, ह्यानंच कोरला.
दर साली ईतभर. मालक गेल्यापासून.
नारबा मुटकुळे दुसरीकडं बघत होता.
मी कामून कोरू? बैल वळतेत तिथं,
वळताना जातंय थोडं संगट.

हे मी आधी वाचलं होतं.
नारबाबद्दल नाही, पृथ्वीबद्दल.

वर एक गोळा फिरतो,
पाण्याच्या हंड्याहून थोडा मोठा, चार क्विंटलचा,
अंगभर आरसे टाचलेला.
त्याच्यात घड्याळ नाही, यंत्र नाही, काहीच नाही.
खालून उजेड मारायचा
आणि तो परत येईतो श्वास धरायचा.
पृथ्वी स्वतःभोवती वळते
आणि वळता वळता भोवतीची पोकळीच
थोडी संगट नेते.
गोळ्याची वाट त्यानं सरकते,
वर्षाला एक पुरुषभर.

कागदावर हे शंभर वर्षांपूर्वीच मांडलेलं.
मोजताना मात्र जीव गेला.
कारण पृथ्वीचं पोट सुटलेलं आहे,
आणि त्या पोटाची ओढ
ह्या सरकण्याच्या दीड कोटी पट.
मग दुसरा गोळा सोडला, वेगळ्या तिरक्या वाटेनं.
दोघांच्या साक्षी एकमेकींतून वजा करत
वर्षांमागून वर्षं बसले मोजणीदार,
तेव्हा कुठं खाली उरलं ते पुरुषभर.

काठी वाजली.
निजामाच्या वेळचा नकाशा मांडीवर,
त्यातल्या शाईच्या रेघेच्या जाडीतच
हातभर जमीन बुडालेली.
तेवढी दोघांनाही माफ केली, तरी
साडेचार फूट नारबाकडं.

पंचनाम्यात रकाने आहेत:
अर्जदार, लगतचे खातेदार, हद्दीच्या खुणा.
वळताना, असा रकाना नाही.
मी आकडा लिहिला. सह्या घेतल्या, एक अंगठा.
खड्डा घेऊन दगड पुरला, चुना ओतला.

निघताना काय वाटलं कोण जाणे,
धुरपतबाईला वरच्या गोळ्याचं सांगितलं.
कपाळावर हात धरून ती बघत राहिली
भर दुपारी, रिकाम्या आभाळात.
मग म्हणाली,
अन् त्या मोजणीची फी कुणी भरली, बाई?

नारबा तोवर दगडाला पाय लावून बघत होता,
हलतो का.