दांडा पडण्याआधी

आखेनला जुलैत पाऊस असतोच.
सत्तावन्न सालापासून बघते आहे मी,
म्हणजे बघत होते.
आता डोळ्यांच्या मधोमध एक करडा ठिपका येऊन बसलाय,
ज्याच्याकडे पाहावं, नेमकं तेच पुसतो.
कडेकडेचं दिसतं अजून: छत्र्या, कुंपण,
शेजारच्या बाईची बाही.
घोडा तेवढा दिसत नाही.

तरी तिकीट काढलं. तीच अकरावी रांग,
पाण्याच्या चरासमोरची.
वाल्ट्राउड म्हणाली, आता कशाला?
म्हटलं, तू डबा भर.

माझा स्वतःचा घोडा कधीच नव्हता, आधीच सांगते.
बापाचा होता, कोळशाच्या गाडीला जुंपलेला,
ताटाएवढ्या खुरांचा, सुस्त, कुमैत रंगाचा.
आयुष्यात एकदाच उडाला तो:
कुणाच्या मोटारीचा बार झाला, तशी बिचकून
गटारावरून, गाडीसकट.
कोळसा साऱ्या रस्ताभर.
बाप शिव्या घालत होता
आणि मी, सात वर्षांची,
दप्तर टाकून टाळ्या पिटत होते.

तेव्हापासून हे लागलं ते लागलंच.
बेकरीत एकेचाळीस वर्षं मधाच्या पाकात हात,
आणि रजा घ्यायची ती फक्त घोड्यांसाठी.
रोम. डब्लिन. एकदा तर थेट कॅलगरी,
तिथे सामान हरवलं, चार दिवस एकाच झग्यात,
पण एकही फेरी चुकवली नाही.
डब्लिनला एगर्ट सोबत होता, बोटात द्यायची अंगठी खिशात घेऊन.
दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने विचारलं,
"हे अजून किती वेळ चालणार?"
अंगठी त्याच्या खिशातच राहिली.

घंटा झाली.
वाल्ट्राउड यादी वाचते, पेन्सिल कानामागे.
मी डोळे मिटून घेते, उघडे ठेवून तरी काय.
ओल्या गवतावर टापा:
तीन ठोके, मग एक पोकळी.
तीन ठोके, पोकळी.
त्या पोकळीत चारी खूर हवेत असतात,
हे मला दिसत होतं तेव्हा कधी कळलं नव्हतं.
अडथळा जवळ आला की सगळं मैदान श्वास आवळतं
आणि माझा उजवा पाय
बाकाखाली आपोआप उचलला जातो.
सगळ्यांचाच उचलला जातो. कबूल कुणी करत नाही.

"मागचा लागणार," मी म्हणते.
मग दांडा पडतो. लाकडाचा बोदा आवाज.
पुढच्या रांगेतला पोरगा मागे वळतो,
"तुम्हाला आधीच कसं कळलं?"
शेवटची ढांग आखूड होती, बाळा.
त्याला पटत नाही. पुढच्या वेळी मी चुकते,
तो खूश होतो.

शेवटच्या फेरीत स्वीडनची एक मुलगी,
छोटी सब्जी घोडी.
वाल्ट्राउड कुजबुजते, सगळ्यांत वेगवान,
अजून एकही चूक नाही.
तीन ठोके, पोकळी, तीन ठोके,
तिहेरी अडथळा, पहिला, दुसरा,
आणि काहीच नाही.
दांडा पडला नाही. टापही नाही.
घोडी थांबली होती.
बस. नाही म्हणाली.

हजारो माणसांचा उसासा, मोठ्ठा.
आणि त्या उसाशाच्या खाली
ओल्या मानेवर तळहात,
दोनदा, थप, थप.
बक्षीस गेलं, मोटार गेली,
आणि ती पोर घोडीला थोपटत होती.
अकराव्या रांगेत हे ऐकू येणं शक्य नाही,
असं वाल्ट्राउडचं म्हणणं.
असेल.

रविवारी निरोप.
सगळं मैदान पांढरे रुमाल हलवतं,
घोडे देशादेशांच्या ओळींनी बाहेर पडतात.
मीही माझा काढला, इस्त्री केलेला,
उंच धरून हलवत राहिले बराच वेळ.
मग वाल्ट्राउडने माझं मनगट धरलं
आणि हळूच डावीकडे वळवलं.
"तिकडे आइस्क्रीमची गाडी आहे," ती म्हणाली.
"घोडे इकडे."