काउंटर शून्यावर

फॉर्मवर वयाच्या दोनच चौकटी होत्या :
सात ते चौदा, अठरा ते पंचवीस.
माझं पेन तिथंच अडलं.
खाली गिरणीत कुणाचं तरी दळण चाललेलं,
पायाखाली जिना थरथरत होता,
आणि तन्वीर सर, माझ्या धाकट्याहून लहान,
म्हणाले, मावशी, राहू द्या, कोरं ठेवा.

पपया नर्सरीच्या अलीकडे हा क्लास.
शनिवारी बाहेरच्या बाकावर पालक बसतात.
एक वडील विचारतात, सहाव्या वर्षी फार लवकर तर नाही?
एक आई म्हणते, आमचा अकराचा, उशीर झाला का हो?
जशी काही गोवराची लसच,
तारीख हुकली की हुकली.
मी पिशवीत चष्मा शोधते, ऐकत राहते.

एकोणिसाव्या वर्षी सातपूरच्या कारखान्यात
मी कॉइल गुंडाळायला बसले.
केसाएवढी तांब्याची तार,
एका बॉबिनला बाराशे वेढे.
बाराशे एक झाला
की तपासणीच्या टेबलावरून माल परत.
शेजारची हौसा निकम गप्पा मारत मोजायची,
मी ओठ मिटून.
तार तुटली तर? थांब, जोड, वार्निश लाव, पुढं चल.
बॉबिन भरलं तर? उतरव, नवं चढव.
नसेल भरलं? फिरव.
हे सगळं बोटांत होतं.
त्याला काही नाव असतं
हे कुणी सांगितलं नव्हतं.

एकतिसाव्या वर्षी पुण्याहून मशीन आलं,
सोबत चौकड्यांच्या शर्टातला इंजिनियर.
त्यानं बटणं दाबली, हिरवे आकडे उजळले,
आणि आठ जणींचं काम
एकटंच गरगरायला लागलं.
मी विचारलं, काय लिहिलंत हो त्यात?
तो हसला. वाईट नव्हता बिचारा.
म्हणाला, ताई, आता या वयात कशाला डोक्याला ताप?

एकतीस.
त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

म्हणजे उशीर तेव्हाच झाला होता.
मग आता सत्तावन्नाव्या वर्षी काय झालंय?
उशिराच्या पुढचंही गाव असतं का?
असेल, तर मी तिथं उतरलेय,
आणि पंख्याखालची एक खुर्ची
रिकामी आहे.

शेजारी ईशान बोडके, इयत्ता चौथी.
पुढचा दात पडलेला,
त्या फटीतून मला शिकवतो :
आजी, मोजायला शून्यापासून लागायचं हं, एकापासून नाही.
अरे पोरा,
प्रत्येक नव्या बॉबिनआधी
मी डाव्या हातानं खटका ओढायचे
आणि काउंटरचे चारही आकडे
खट्कन शून्यावर यायचे.
आधीचं काही उरायचं नाही.
अंगठ्यावरचा चरा तेवढा.

त्याचं कासव पडद्यावर फूल काढत होतं,
बारा पाकळ्यांचं.
छान आलं, सर म्हणाले.
मी म्हटलं, एक वेढा जास्त झालाय.
पहिली पाकळी बघ, दोनदा गिरवलीय, जरा गडद आहे.
ईशाननं मोजलं. पुन्हा मोजलं.
मग 'पेक्षा कमी'च्या पुढचं 'बरोबर' खोडलं
आणि फूल एकसारखं झालं.
कळलं कसं तुम्हाला, सरांनी विचारलं.
मी म्हटलं, आमच्याकडे तपासणीला वाघचौरेबाई होत्या.
बस.

माझा स्वतःचा प्रोग्राम
अजून चालत नाही.
कुठंतरी एक अर्धविराम राहिलाय म्हणे.
सर सांगत नाहीत, शोधा म्हणतात.
पोरं गेली, गिरणी थांबली,
खालून उडालेलं पीठ कीबोर्डवर बसलंय,
मी कुठली बटणं दाबली
ते स्पष्ट दिसतंय.
न दाबलेली अजून पांढरी आहेत.