कड

सहा आठवड्यांसाठी आला होता, वरळीच्या लीगला,
आणि सरावाला आमच्या गिरगावातल्या हॉलवर :
दोन टेबलं, चार ट्यूबलाइट, एक मी.
नाव गाएल. हॉल उघडणारा खोत
पहिल्याच सकाळी म्हणाला, "गाईल केव्हा?"
गायला नाही. हजार चेंडू मागितले.

माझं काम चेंडू भरवण्याचं.
टोपलीतून उचल, ढकल, उचल, ढकल.
बँकेत नोटा मोजायचे तोच अंगठा.
बँकेनं घेतलं ते राज्यात चौथी होते म्हणून,
आणि खेळाच्या कोट्यातली म्हणून
एकतीस वर्षं कुणी धड काम दिलं नाही हातात.

विचारलं, जगात कितवा होतास?
घामाचं बोट टेबलावर फिरवलं त्यानं : ४३.
आमच्या हवेत तो आकडा वाळेचना.
मग शेजारी लिहिलं आत्ताचं, २१८,
ते मात्र लगेच पंजानं पुसलं.

रबर दमट व्हायचं. चेंडू घसरायचा,
फिरकी अर्ध्या वाटेत मरायची.
तो त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटे,
शिवीच असणार, पण ऐकायला गोड.
शेवटी खोतनं घरून तांदळाचा डबा आणला,
बॅट रात्रभर आत पुरून ठेवली.
सकाळी निघाली ती कोलमचा वास घेऊन.
गाएलनं हुंगली. दोनदा.

"खेळून पोट भरतं?"
"भरतं. मेपर्यंत."
मेमध्ये करार संपतो, जूनमध्ये नवं गाव.
एक पाटलोणींच्या कारखान्याचं,
एक जर्मनीतलं, शाळेच्या व्यायामशाळेत सामने,
पोरांच्या बुटांचा वास भिंतींना.
एका वर्षी मालक चीजचा व्यापारी,
निम्मा पगार चीजमध्ये.
चौतिशी, गुडघ्याला पट्टा,
बाप ब्रेस्तच्या गोदीत वेल्डर होता,
माझगावसारखंच, म्हणाला,
माझगाव त्याला मीच दाखवलं होतं.
मला पेन्शन आहे, हे मी त्याला सांगितलं नाही.

शेवटचा सामना. पाचवा गेम, दहा-दहा.
समोर नागपूरचा सतरा वर्षांचा पोरगा.
पोराचा फटका टेबलाशी घसटून खाली गेला.
पंचांनी गुण गाएलला दिला.
तिसऱ्या रांगेतून मलाही तसंच दिसलं,
मी उठून टाळ्यासुद्धा वाजवल्या.
गाएल वाकला, बोटानं कड दाखवली,
गुण पोराला दिला.
पुढचा गुणही गेला, सामना गेला,
टाइल्सवाले संघमालक जेवायला थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो बॅग भरत होता.
मी म्हटलं, तुझी कड घ्यायला पंच होते,
तू कशाला चेंडूची घेतलीस?
वाक्य पोचलं नाही. ते भाषांतर करायला
माझं इंग्रजी बँकेतलं.
मग साधंच विचारलं, खरंच लागला होता?
खांदे उडवले.
"आवाज वेगळा येतो."
एवढंच. आणि खोतला डबा परत केला, तांदूळ तसेच.

आज मे महिन्याची बावीस.
हॉल रिकामा, पंखा बंद केलाय मीच.
एकेक चेंडू कडेवर सोडतेय.
टक. टक. बहुतेक सगळे सारखेच वाटतात.
बत्तिसावा, की तेहेतिसावा, जरा...
नाही, खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं.

खोत दारात. "बाई, काय चाललंय?"
थांब म्हटलं, बोलू नकोस.
चप्पल काढून तोही येऊन उभा राहिला.