रिकामटेकडा

पितळेची बैठक मी उद्यमनगरात कातलेली,
केसाच्या पाचव्या हिश्शाचीही चूक चालणार नव्हती.
इंगवले मॅडम म्हणाल्या, या बघायला.

विद्यापीठातली खोली, काळे पडदे.
स्फटिकात दोघं शिरले:
हिरवा, दांडगा,
आणि तांबडा, कसलासा निरोप घेतलेला, मरतुकडा.
बाहेर पडला तर तांबडाच टणटणीत.
हिरवा उतरलेला, रात्रपाळीहून आल्यासारखा.
मधे तार नाही, वीज नाही,
उजेडाचं काम उजेडानंच उरकलं.

"अजून एक निघतो. दिसत नाही.
हिरव्याचा कण मोडला की एक वाटा तांबड्याला,
उरलेला त्याला.
निरोप त्याच्याकडंही असतो,
आरशातल्यासारखा उलटा."
नाव काय त्याचं?
"आयडलर. म्हणजे रिकामटेकडा."

फौंड्रीच्या भट्टीपुढं आबा वितळत गेले,
मी आयटीआय झालो.
उरलंसुरलं सर्जाला.
तो तालमीच्या कट्ट्यावर बसून असतो.

"आणि तो निघालाच नाही तर?"
"मग तांबडाही वाढत नाही."

राजारामपुरीत सिग्नलला थांबलो.
पाना अजून खिशातच होता.
हिरवा पडला,
मागचा हॉर्न मारत राहिला.
मग गाडी तालमीकडं वळवली.