हरकती व सूचना

नकाशा एकास पाचशे.
पेन्सिलीचं शिसं अर्धा मिलिमीटर.
म्हणजे मी नुसती रेघ ओढली तरी
रस्त्यावर पाव मीटर जातं कुणाचं तरी.
हे कॉलेजात शिकवलं नव्हतं.
हे शिकवलं धनजी स्ट्रीटच्या तोंडाशी बसणाऱ्या
घड्याळवाल्या मुर्तझाभाईंनी,
ज्यांचं अख्खं दुकान भिंतीतला एक कोनाडा,
पाव मीटर खोल.
डोळ्यावरचं भिंग न काढता ते म्हणाले,
"बाई, तुमच्या रेघेला जाडी आहे."

म्युझियमपासून भायखळ्यापर्यंत
विजेची ट्राम, तेरा थांबे.
धूर नाही, आवाज जवळजवळ नाही,
असं अहवालात लिहिलंय. मीच लिहिलंय.

चाचणी-खड्डा क्रमांक नऊ, पायधुणी.
रात्री दोन वाजता दिगंबरच्या पहारीखाली
खण्ण झालं.
दीड फुटावर जुना रूळ,
डांबराचे सात थर पांघरून,
आमच्याच रेघेखाली, जवळजवळ.
जवळजवळ म्हणजे चाळीस सेंटिमीटर डावीकडे.
कोण होता तो, कुठल्या टेबलावर, कुठल्या दिव्याखाली,
ज्यानं हेच वळण माझ्याआधी घेतलं,
आणि कुणाचा कोनाडा वाचवायला
तो चाळीस सेंटिमीटर सरकला?
की हातच हलला त्याचा?
दिगंबर म्हणाला, "भंगारात भाव चांगला येईल."
मी खर्च वेगळ्या रकान्यात दाखवला.

तारेची उंची साडेपाच मीटर.
मंडळाच्या कार्यालयात विचारलं, मूर्ती किती फुटी?
चिटणीस आगासकर चहा पुढे सरकवत म्हणाले,
"ते आम्ही गणपतीलाही आधी सांगत नाही."
ताजियावाल्यांकडे गेले.
त्यांनी कोपऱ्यातला बांबू उभा करून मोजून दाखवला,
आणि वर म्हणाले, "हा मागच्या सालचा."
शेवटी ठरलं: तिथं चारशे मीटर तारच नको.
गाडी वरचा हात मिटून घेईल
आणि पोटात साठवलेल्या विजेवर
निमूट पलीकडे जाईल.
साहेब म्हणाले, बॅटरीनं वजन वाढेल.
वजन घेऊन हा चढ कसा चढायचा ते
मूळजी जेठ्याच्या हातगाडीवाल्यांना विचारू या,
असं म्हणाले नाही. नुसतं मनात आलं.

सुनावणीला एकशे बेचाळीस अर्ज.
पार्किंग, पार्किंग, फुटपाथ, पार्किंग,
एका पेढीची अडीच पानं, वकिलाच्या शिक्क्यासकट,
एकाची चक्क कविता, तीही पार्किंगवर.
आणि पाठच्या रांगेतून आलेला
वहीच्या कागदावरचा एक,
प्रमिला तळपदे, पहिला मजला, रस्त्याकडची खोली:
"मी खिडकीतून कपडे वाळत घालते.
हात किती बाहेर काढू, ते कळवावे."

नियमावलीत उत्तर आहे.
नियमावलीत 'मानवी पोहोच' असा शब्द आहे,
पुढे आकडा आहे.
कुठल्या मानवाची, ते नाही.

म्हणून टेप घेऊन गेले.
जिन्यात नारळाच्या पोत्यांचा वास,
दारावर मागल्या दिवाळीचं तोरण.
तळपदेबाईंनी पदर खोचला,
चाळीस वर्षांच्या सवयीनं टाचा उचलल्या,
गजाखालून खांदा तिरका करत
हात रस्त्यावर काढला.
"एकसष्ट," मी म्हटलं.
"थांब गं, काठी राहिली."
काठी धरून एक मीटर बावन्न.
लिहून घेतलं. खाली एक टेम्पो मागे घेत होता,
माझी तार अजून कुठंच नव्हती,
आणि तरी त्या हात काढताना
क्षणभर दचकल्यासारखं करून, हसल्या.

टेप गुंडाळणार, तेवढ्यात म्हणाल्या,
"पण गोधडी असली की सूनही वाकते.
तिचा हात माझ्याहून लांब आहे.
सहाला येते ती कामावरून."

घड्याळात पावणेपाच.
मी चटईवर बसले.
टेप तशीच उघडी ठेवली.