गाडीवरचं चौथं अक्षर

तिसऱ्या गेटच्या अलीकडं, उद्यमबागेच्या रस्त्याला
माझी गाडी. लाल रंग, त्यावर ड्रॅगन.
रंगवणारा गणपती करणाऱ्यातला,
म्हणून ड्रॅगनचे डोळे जरा मायाळू.

वर कन्नडात चायनीज, मोठं.
खाली मराठीत चायनीज, पुसलेलं, पुन्हा काढलेलं,
पुन्हा पुसलेलं.
कोपऱ्यात इंग्रजी. त्याच्या वाटेला कोण जात नाही.

खराखुरा चिनी माणूस मी पहिल्यांदा बघितला
तो फाउंड्रीत साच्यांचं मशीन बसवायला आला तेव्हा.
नाव नुसतं मा.
पोरं म्हणाली, मालक, आईच आलीया जेवायला.
मी हौसेनं गोबी मंच्युरियन वाढलं,
वरनं कांद्याची पात.
एक घास खाऊन तो फोनशी काहीतरी बोलला,
आणि फोन मराठीत म्हणाला:
चविष्ट आहे. हे कोणत्या देशाचे जेवण आहे?

पदम, माझा नेपाळी आचारी,
कढईआड वाकून हसत राहिला.
मी म्हटलं, बेळगावचं.

मग रोज यायचा. मे महिन्यात गरम पाणी मागायचा.
तिखटाचं त्याला काय नव्हतं,
संकेश्वरी ठेचा चमच्यानं खायचा,
पण भात तेवढा ताटात ठेवून उठायचा.
चिनी माणूस आणि भात नको?
तिसऱ्या आठवड्यात फोननं उलगडा केला:
माझ्या गावाची नदी पिवळी आहे. आमच्याकडे गहू.

त्या रविवारी त्याला शहापुरात नेलं, तुळसाक्काकडं.
लग्नसराई, रुखवताचे एकवीस मांडे,
चुलीवर खापर पालथं,
आणि अक्काच्या दोन्ही हातांवर
मनगटापासून कोपरापर्यंत
पोळी पसरत चाललेली, पसरत चाललेली,
मधून पलीकडची भिंत दिसेपर्यंत.

मा दारातच थांबला.
मग त्यानं घड्याळ काढून खिशात टाकलं.

कणीक मागितली. पाणी. मीठ.
आणखी एक काहीतरी, त्याचं नाव फोनला येईना:
राख, म्हणाला फोन. गवताची राख. दगड.
अक्का उठली, फळीवरनं पापडखार काढून दिला.
म्हणाली, हेच पाहिजे असणार त्याला.
हेच पाहिजे होतं.

एकाचे दोन, दोनाचे चार,
पीठ पाटावर आपटलं की खापर हादरायचं,
आठ, सोळा, बत्तीस,
पुढं आम्ही मोजायचं सोडलं.
त्याच्या हातात पावसाची सर होती म्हणा,
नाहीतर मागावरचा ताणा. शहापूरचा माणूस ताणाच म्हणणार.
अक्का दोरा न् दोरा बघत होती,
डोळे बारीक करून, परीक्षेला बसवल्यासारखी.
शेवटी म्हणाली,
शेवयाच की गा ह्या.
पण हात चांगला हाय. घरात कुणीतरी मारून शिकवलंय.

फोननं हे काय सांगितलं त्याला कुणास ठाऊक.
तो मान खाली घालून, आपल्या दंडाला हात लावून हसला.

मटणाच्या पाण्यात घालून खाल्ल्या आम्ही,
त्यानं ओरपताना आवाज केला, अक्कानंही केला.
एक मांडा मात्र फाटला त्या दिवशी.
वीसच गेले लग्नाला.

जायच्या आदल्या रात्री त्यानं मार्कर मागितला
आणि गाडीवर, ड्रॅगनच्या शेपटीजवळ,
एक अक्षर काढलं:
वर आडवी रेघ, खाली चौकट, चौकटीत शिडी.
पीठ, म्हणाला फोन. शेवया.
आणि थोडं थांबून: चेहरा.

परवा पाटीची माणसं आली, टेप घेऊन.
कन्नड मोजलं, ठीक.
मराठीची पुसट खूण अंगठ्यानं घासून बघितली.
मग साहेब वाकला शेपटीजवळ.
ಇದು ಯಾವ ಭಾಷೆ, ही कुठली भाषा?

पदमनं कढई खाली ठेवली.
मी म्हटलं, पीठ हाय ते साहेब.
तो बराच वेळ बघत राहिला,
वरच्या आडव्या रेघेवरनं बोट फिरवलं,
वहीत काय लिहायचं ते त्याला सुचेना,
मग म्हणाला,
एक हाफ नूडल्स दे.